घरातलं बंड: गोव्यातला माध्यमप्रश्न आणि २०१७ ची निवडणूक

राष्ट्रीय स्वयंसेवक संघात कुणाची जबाबदारी काढून घेतली, तर त्याचा गाजावाजा होत नाही. माणूस शाखेत येत राहतो, काम दुसऱ्याकडे जातं, विषय मिटतो. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी गोवा विभाग संघचालक सुभाष वेलिंगकर यांना पदमुक्त केलं तेव्हा तसं झालं नाही. शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या जबाबदाऱ्या सोडल्या, संघाच्या कोकण प्रांताशी संबंध तोडले आणि दुसऱ्याच दिवशी स्वतंत्र ‘गोवा प्रांत’ जाहीर केला. केंद्रात भाजपचं सरकार, पणजीत भाजपचं सरकार, आणि त्याच पक्षाच्या मातृसंस्थेचे लोक सरकारविरुद्ध उभे, तेही प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून: इंग्रजी शाळांना सरकारी अनुदान द्यायचं की नाही.

या बंडाबद्दल गोव्यात आजही दोन टोकांची मतं ऐकू येतात. एका बाजूचं म्हणणं, वेलिंगकरांनी भाजपला जमिनीवर आणलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, स्वतःचा पक्ष काढूनही २०१७ च्या निवडणुकीत एक आमदारसुद्धा निवडून आणता आला नाही, मग कसलं बंड? माझ्या मते दोन्ही बाजू आकड्यांतला आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलतात.

वादाचं मूळ १९९० च्या आसपासचं आहे. पोर्तुगिजांपासून मुक्ती मिळाल्यानंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. चर्चच्या शाळा इंग्रजीकडे वळल्या होत्या. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, त्याच वर्षी ३० मे रोजी घटकराज्य मिळालं, आणि त्यानंतर काही वर्षांतच सरकारने धोरण ठरवलं की अनुदान हवं असेल तर प्राथमिक शिक्षण कोकणी किंवा मराठीतूनच दिलं पाहिजे. शिक्षणमंत्री होत्या शशिकला काकोडकर, म्हणजे भाऊसाहेबांच्या कन्या, गोव्याच्या ‘ताई’. चर्चने अनुदान सोडलं नाही. डायोसेसनच्या शाळा कोकणी माध्यमाच्या झाल्या. कोकणी देवनागरीतली, आणि त्या शाळांतल्या बहुसंख्य पालकांची प्रार्थना, गाणी, तियात्र म्हणजे कोकणी संगीत नाटक, सगळं रोमी (रोमन) लिपीत. म्हणजे घरात एक लिपी, वर्गात दुसरी.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी भाषाभिमान्यांच्या भाषणांत क्वचितच येते. गोव्यात पाचवीपासून जवळपास सगळीकडे इंग्रजी माध्यम. मूल चार वर्षं कोकणीत किंवा मराठीत शिकायचं आणि पाचवीत गेल्यावर गणित, विज्ञान, भूगोल सगळं एकदम इंग्रजीत. सरकारने मातृभाषेचा आग्रह धरला तो फक्त पहिली ते चौथीचा. पालक साधा हिशेब करणार: पुढे इंग्रजीच आहे, तर सुरुवात तिथूनच का नको? हा हिशेब सासष्टीतल्या ख्रिस्ती घरात झाला तसा फोंड्यातल्या आणि डिचोलीतल्या हिंदू घरांतही झाला. फरक इतकाच की ख्रिस्ती पालक ‘फोर्स’ या संघटनेच्या झेंड्याखाली रस्त्यावर आले, आणि हिंदू पालकांनी गुपचूप विनाअनुदानित इंग्रजी शाळेची फी भरली.

२०११ मध्ये दिगंबर कामत यांच्या काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. वर्तमानपत्रांनी त्याचं लगेच ‘भाभासुमं’ करून टाकलं. मंचाची रचना बघण्यासारखी होती. निमंत्रक शशिकलाताई. शेजारी अ‍ॅड. उदय भेंब्रे, ज्यांनी १९६७ च्या जनमत कौलाआधी गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध धारदार लेखणी चालवली होती. त्या कौलात ताईंचे वडील विलीनीकरणाच्या बाजूचे सेनापती. १९८५ ते ८७ च्या भाषावादात मराठीवादी आणि कोकणीवादी एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, माणसं मेली होती. तेच लोक पंचवीस वर्षांनी एका व्यासपीठावर. आणि या सगळ्यांच्या मागे गर्दी, खुर्च्या, गाड्या, पत्रकं यांची व्यवस्था बघणारं संघाचं मनुष्यबळ, ज्याचे प्रमुख वेलिंगकर. विरोधी पक्षात असलेला भाजपही मंचाबरोबर होता. मनोहर पर्रीकर स्वतः या आंदोलनात सामील होते.

३ मार्च २०१२ ला मतदान झालं. भाजपला २१ जागा, मित्रपक्ष महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) ३, काँग्रेस ९ वर. माध्यमप्रश्नाने काँग्रेसला बुडवलं, असा अर्थ मंचाने काढला, आणि पुढच्या सगळ्या चुकांची सुरुवात मला तिथे दिसते. इंग्रजी अनुदानाचा निर्णय काँग्रेसने ज्यांच्यासाठी घेतला, त्या ख्रिस्ती मतदारसंघांतही काँग्रेस पडली. काँग्रेसच्या आलेमाव कुटुंबातले चार जण उभे होते, चारही हरले. खाणघोटाळा आणि घराणेशाही यांचा राग माध्यमाच्या आनंदापेक्षा मोठा ठरला. मागणी मान्य झाली म्हणून पालकांनी मतं दिली नाहीत. मग मागणी फेटाळली म्हणून दुसऱ्या बाजूचे लोक मतं फिरवतील हे कशावरून? हा प्रश्न २०१२ मध्येच विचारायला हवा होता. मंचात तो कुणी मोठ्याने विचारलेला निदान मला आठवत नाही.

पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी अनुदान चालू ठेवलं. नव्या इंग्रजी शाळांना नाही, पण अल्पसंख्याक संस्थांच्या ज्या शाळांना आधीच मिळत होतं त्यांना मिळत राहणार. अशा शाळा सव्वाशेहून अधिक. मंचाच्या दृष्टीने हा सरळ विश्वासघात होता. सरकारच्या दृष्टीने गणित होतं: २०११ च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २५ टक्के, आणि भाजप पहिल्यांदाच ख्रिस्ती उमेदवार आणि ख्रिस्ती मतं घेऊन स्वतःच्या बळावर बहुमतात आला होता. पर्रीकर हे म्हापशाचे एकेकाळचे संघचालक. शाखा त्यांना शिकवायची गरज नव्हती. पण चाळीस जागांच्या विधानसभेत २१ चा आकडा कुठून येतो हेही त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

कायद्याच्या अंगाने दोन्ही बाजूंना थोडाथोडा आधार होता. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलं आहे, आणि हे ‘शक्यतो’ मंचाला नेहमीच अपुरं पडलं. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्या खटल्यात ठरवलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेची सक्ती राज्य करू शकत नाही. मंचाचं उत्तर असं की आम्ही सक्ती मागत नाही, सरकारी पैसा देऊ नका एवढंच म्हणतो. युक्तिवाद म्हणून हे नेमकं होतं. गावातल्या कोपरा सभेत मात्र सक्ती आणि अनुदान यांतला भेद समजावून सांगेपर्यंत लोक उठून जातात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री झाले. पर्रीकरांच्या शब्दाला पक्षात आणि संघात जे वजन होतं ते पार्सेकरांच्या नव्हतं, आणि जुना राग वर आला. तालुक्या-तालुक्यांत सभा सुरू झाल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये अमित शहा गोव्यात आले तेव्हा मंचाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना काळे झेंडे दाखवले. संघाच्या पदाधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात भाजपच्या राष्ट्रीय अध्यक्षाला काळे झेंडे! त्यानंतर दहा-बारा दिवसांत पदमुक्ती. संघाची भूमिका अशी की पदाधिकाऱ्याला राजकीय काम करता येत नाही. वेलिंगकर राजकीय पर्यायाची भाषा करू लागलेच होते, त्यामुळे नियम म्हणून हे खोटं नव्हतं. पण २०१२ च्या आधी हेच आंदोलन काँग्रेसविरुद्ध चाललं होतं, तेव्हा ते ‘सामाजिक’ होतं. सत्तेला आव्हान कुणाच्या सत्तेला दिलं जातं त्यावर त्याचं वर्गीकरण ठरतं, हे गोव्यातल्या स्वयंसेवकांना त्या आठवड्यात कळलं, आणि म्हणूनच एवढे जण बाहेर पडले. त्यांच्यातल्या बहुतेकांना तिकीट नको होतं, कंत्राट नको होतं.

अशी माणसं बाहेर पडणं गोव्यात का झोंबतं, ते थोडं विस्ताराने सांगायला हवं. राज्याचे मतदार तेव्हा अकरा लाखांच्या घरात, मतदारसंघ चाळीस. म्हणजे एका आमदारामागे सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस हजार मतदार. महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघाच्या मानाने ही एखादी छोटी नगरपालिका झाली. निकाल शेकड्यांच्या फरकाने लागतात, अनेक ठिकाणी चार-पाच उमेदवार तगडे असतात. अशा ठिकाणी पैसा, जात, वाडा, देवस्थान समिती, ग्रामपंचायतीचे पंच हे सगळं चालतंच. पण मतदानाच्या दिवशी दुपारी चार वाजता कुठल्या घरातली म्हातारी अजून आलेली नाही हे ठाऊक असलेला माणूसही लागतो. भाजपकडे तो माणूस फुकट होता आणि तो शाखेतून आलेला होता. उत्तर गोव्यात, फोंड्यात, पेडण्यात पक्षाचं यंत्र त्याच्यावर चालायचं. २०१६ च्या सप्टेंबरात तोच घरी बसला किंवा दुसऱ्याच्या प्रचाराला गेला. बाहेरून आलेल्या विरोधी पक्षाला जे कधीच जमलं नसतं ते असं आतून झालं.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष जाहीर झाला. महिना उलटायच्या आत, २८ ऑक्टोबरला, शशिकलाताई गेल्या. त्या गेल्याने मंचाची एक बाजू लंगडी झाली असं मला वाटतं. त्यांच्यामुळे माध्यमाचा प्रश्न मगोच्या जुन्या बहुजन मतदाराच्या घरात शिरू शकत होता. वेलिंगकरांच्या तोंडून तोच प्रश्न संघाच्या घरातलं भांडण वाटायचा. भेंब्रे आणि इतर कोकणीवादी आंदोलनापर्यंत बरोबर होते, पण शिवसेनेबरोबरची युती त्यांच्या वाचकवर्गाला पचणं कठीण होतं.

युती झाली ती मगो, गोवा सुरक्षा मंच आणि शिवसेना यांची, जानेवारी २०१७ मध्ये. मगो तोपर्यंत सरकारातच होता. डिसेंबरात पार्सेकरांनी सुदिन आणि दीपक ढवळीकर या दोघा भावांना मंत्रिमंडळातून काढलं, जानेवारीच्या सुरुवातीला मगोने पाठिंबा काढला आणि काही दिवसांत ही युती उभी राहिली. मुख्यमंत्रिपदाचा चेहरा सुदिन ढवळीकर. पावणेपाच वर्षं ज्या सरकारने अनुदान चालू ठेवलं त्याच सरकारातला मंत्री अनुदानाविरुद्धच्या युतीचा नेता झाला. मतदार इतका भोळा नसतो.

मग निकाल. ४ फेब्रुवारीला मतदान, ११ मार्चला मोजणी. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. मुख्यमंत्री पार्सेकर स्वतः मांद्रेत सात हजारांहून अधिक मतांनी पडले. पेडण्यात राजेंद्र आर्लेकर, शिवोलीत दयानंद मांद्रेकर, साळगावात दिलीप परुळेकर, शिरोड्यात महादेव नाईक, असे मंत्री एकामागून एक गेले. गोवा सुरक्षा मंच शून्य, मतं सव्वा टक्क्याच्या आसपास. शिवसेना शून्य.

इथे जरा थांबून बघू. भाजपची मतं २०१२ मध्ये सुमारे ३४.७ टक्के होती, २०१७ मध्ये सुमारे ३२.५. घसरण दोन टक्क्यांची, जागा आठ कमी. वरवर पाहता बंडाचा काही परिणामच नाही, फक्त जागांचा खेळ उलटला. पण २०१२ मध्ये भाजप २८ जागा लढला होता आणि बाकीच्यातल्या बऱ्याच मगोला आणि अपक्षांना सोडल्या होत्या. २०१७ मध्ये तो पस्तिसांहून अधिक जागा लढला. जास्त जागा लढूनही एकूण टक्का घसरला, म्हणजे जिथे पक्ष पूर्वीपासून लढत होता तिथली गळती दोन टक्क्यांहून बरीच मोठी असणार. ही गळती बंडखोरांच्या पेटीत मात्र गेली नाही. मंत्र्यांना कुणी पाडलं ते पाहा: मांद्रेत काँग्रेसने, शिरोड्यात काँग्रेसने, शिवोली-साळगावात गोवा फॉरवर्डने, पेडण्यात मगोने. पार्सेकरांच्या सरकारवरची सर्वसाधारण नाराजी, मगो भाजपपासून फुटल्यामुळे विभागलेली मतं आणि थंडावलेला कार्यकर्ता या तीन गोष्टी एकत्र झाल्या. यात बंडाचा वाटा किती, याचा टक्का काढून दाखवणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. वाटा होता, एवढं नक्की.

दुसरी बाजू जास्त बोलकी आहे. निवडून आलेल्या १३ भाजप आमदारांपैकी सात ख्रिस्ती होते. म्हणजे ज्या समाजासाठी अनुदान राखलं, त्याच समाजातले आमदार पडझडीतही टिकले आणि पक्षाच्या विधिमंडळ गटात त्यांचं बहुमत झालं. वेलिंगकरांनी पक्षाच्या हिंदू पायाला धक्का दिला, आणि त्यामुळे उरलेला पक्ष अनुदानावर आधीपेक्षा जास्त अवलंबून झाला. मंचाच्या दृष्टीने याहून उलटा निकाल लागू शकला नसता.

त्यानंतरचे तीन दिवस गोव्याबाहेरही गाजले. काँग्रेस १७ वर असून नेता निवडत बसली. नितीन गडकरी पणजीत येऊन बसले. गोवा फॉरवर्ड आणि मगो यांनी अट घातली, पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तर पाठिंबा. १४ मार्चला शपथविधी, १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६. सुदिन ढवळीकर मंत्री. पेडण्यात भाजपच्या मंत्र्याला पाडणारे बाबू आजगावकर मंत्री. शिवोलीत पाडणारे विनोद पालयेकर मंत्री, साळगावात पाडणारे जयेश साळगावकरही मंत्री. भाजपविरोधी म्हणून जी मतं मिळाली त्यांच्यावरच भाजपचं सरकार उभं राहिलं. आणि बंडखोरांचा ‘गोवा प्रांत’? तो निवडणुकीपुरताच आहे असं पहिल्यापासून सांगितलं होतं. निकालानंतर तो मूळ संघात विलीन झाला.

मगोला दोष देणं सोपं आहे आणि वेलिंगकरांच्या लोकांनी तो भरपूर दिला. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. १९६३ मध्ये भाटकारशाहीविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, कुळांना आणि मुंडकारांना (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांना) उभं करणारा मगो केव्हाच संपला. २०१७ चा मगो दोन-तीन मतदारसंघांवर आणि सार्वजनिक बांधकाम खात्यावर जगणारा पक्ष होता, आणि असा पक्ष सत्तेबाहेर पाच वर्षं राहू शकत नाही. हे फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही पंचाला ठाऊक होतं. ज्याचं पोट सत्तेवर आहे त्याच्या हातात बंडाची चावी दिली, ही निवड मंचाची. स्वतःच्या नावावर सहा-सात मतदारसंघांत मुळं धरण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, हे खरं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी म्हणजे चार महिने. पण २०१२ पासूनची चार वर्षं तेच लोक पर्रीकर शब्द पाळतील म्हणून वाट बघत होते, हेही तितकंच खरं.

आणि त्या चार वर्षांत मराठी शाळेचं काय झालं? सरकारी मराठी प्राथमिक शाळांचे वर्ग रिकामे होत गेले. अनुदानाची लढाई इंग्रजीचा पैसा बंद करण्यासाठी होती, पाचवीनंतर मराठी किंवा कोकणी मुलाला कुठे घेऊन जाईल यासाठी नव्हती. माध्यमिकला एक-दोन विषय तरी मराठीतून, मराठीतून शिकलेल्या मुलासाठी पाचवीत इंग्रजीचा पूल, शिक्षकभरती, ‘बालरथ’ या सरकारी योजनेतली शाळेची बस वेळेवर, असली मागणी घेऊन मंच गावात गेला असता तर हिंदू पालक त्याच्याशी बोलला असता. ‘तुमच्या पोराला इंग्रजी नको’ असं ऐकू येणारी मागणी घेऊन गेला की तोच पालक मान डोलवतो आणि दुसऱ्या दिवशी फी भरायला जातो.

मार्च २०१९ मध्ये पर्रीकर गेले. त्यानंतर काही दिवसांत मगोचे आजगावकर आणि दीपक पाऊसकर फुटून भाजपमध्ये गेले आणि ढवळीकरांचं मंत्रिपद गेलं. मे महिन्यात पर्रीकरांच्या पणजीची पोटनिवडणूक झाली तेव्हा वेलिंगकर स्वतः गोवा सुरक्षा मंचातर्फे उभे राहिले. १९९४ पासून भाजपकडे असलेली जागा, संघाच्या जुन्या घरांचा मतदारसंघ, माध्यमप्रश्नाचा चेहरा स्वतः उमेदवार. त्यांना पाचशेच्या आसपास मतं पडली. जागा भाजपने खरोखरच गमावली, पण काँग्रेसच्या बाबूश मोन्सेरात यांच्याकडे. जुलैमध्ये मोन्सेरात काँग्रेसच्या आणखी नऊ आमदारांसह भाजपमध्ये आले. इंग्रजी शाळांचं अनुदान त्या सगळ्या काळात चालू होतं.